शटडाउनची बातमी लिहिताना : खोटा समतोल टाळण्याची कार्यपद्धती

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे कामकाज ठप्प झाले. त्या घटनेच्या अनेक बातम्यांचा सांगाडा एकच होता : दोन पक्षांत एकमत झाले नाही, दोघेही आपापल्या भूमिकेवर अडून बसले आणि त्यात सामान्य नागरिक भरडला गेला. या तिन्ही विधानांत सरळसरळ खोटे असे काही नव्हते. तरीही एवढेच वाचणाऱ्याला अट कोणी घातली, ती कशाला जोडली आणि ती घातली गेली नसती तर १ ऑक्टोबरला काय झाले असते, यांपैकी काहीच कळत नव्हते. पुराव्यांचे वजन एका बाजूला असताना दोन्ही बाजूंना सारखी जागा, सारखी क्रियापदे आणि सारखा दोष वाटून देण्याच्या या पद्धतीला खोटा समतोल म्हणतात.

या पद्धतीमागे दुष्ट हेतू क्वचितच असतो. वृत्तसंस्थेची कॉपी रात्री उशिरा डेस्कवर येते, पान सोडण्याची वेळ जवळ आलेली असते आणि पक्षपाताचा आरोप टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एका पक्षाच्या अवतरणाखाली दुसऱ्याचे अवतरण लावून मोकळे होणे. त्यात ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे आपल्या अंगवळणी पडलेले शहाणपण मदतीला येते. भाऊबंदकीत ते पुष्कळदा लागूही पडत असेल. पण संसदेत झालेल्या प्रत्येक मतदानाची नोंद असते आणि टाळी कोणी वाजवली हे तिथे नावानिशी पाहता येते.

ही तक्रार केवळ एका पक्षाच्या समर्थकांची नाही. एप्रिल २०१२ मध्ये थॉमस मान आणि नॉर्मन ऑर्नस्टीन या दोन संसद-अभ्यासकांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधील लेखात पत्रकारांना उद्देशून असे मांडले, की दोन पक्षांचे वर्तन सारखे नसताना ते सारखे असल्याचे दाखवणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे. त्यांच्या मते त्या काळातील अडवणुकीचा मोठा वाटा रिपब्लिकन पक्षाकडे होता. मान ब्रुकिंग्ज या धोरण-अभ्यास संस्थेत होते, तर ऑर्नस्टीन उजवीकडे झुकलेल्या अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांचा निष्कर्ष मान्य करावा की नाही, हा भाग वेगळा. बातमीदाराने आणि उपसंपादकाने घ्यायचे ते एवढेच, की समान वागणूक द्यायची ती प्रश्नांच्या पातळीवर. दोन्ही पक्षांना तेच प्रश्न विचारावेत, त्याच कसोट्या लावाव्यात आणि उत्तरे विषम आली तर ती विषमच छापावीत. पुढील पायऱ्या प्रामुख्याने २०१३ च्या उदाहरणावर बेतलेल्या आहेत आणि नंतर त्याच कसोट्या उलट दिशेच्या उदाहरणांना लावून पाहिल्या आहेत.

पहिली पायरी : कोणीच काही केले नाही तर काय होते, ते लिहून काढा

कोणत्याही राजकीय पेचप्रसंगाची बातमी हाती घेताना पहिले वाक्य नियमांविषयी लिहावे. माणसांकडे नंतर यावे. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्यापूर्वी संसदेने १२ खर्च-विधेयके संमत करावीत अशी अपेक्षा असते; ती वेळेत होत नाहीत, म्हणून पूर्वीच्याच पातळीवर खर्च चालू ठेवणारे तात्पुरते निधी विधेयक आणले जाते. तेही संमत झाले नाही तर अत्यावश्यक सेवा वगळता कामकाज थांबवावे लागते. हे थांबवणे पूर्वापार नव्हते. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मंजुरीविना खर्चाला मनाई करणाऱ्या कायद्याचा कठोर अर्थ लावला, तेव्हापासून निधीतील खंड म्हणजे कार्यालयांना टाळे असे समीकरण झाले.

भारतीय वाचकासाठी येथे एक वाक्य जास्त खर्च करावे. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच पडते आणि मधल्या काळासाठी लेखानुदानाची सोय असते. अमेरिकेत अध्यक्ष, प्रतिनिधिगृह आणि सिनेट हे तिघे वेगवेगळ्या निवडणुकांतून आलेले असतात आणि कोणीही पडत नाही. सरकार म्हणजे सत्ताधारी पक्ष आणि अडवणारा तो विरोधी पक्ष, ही आपली सवयीची मांडणी तिथे लावली की पहिल्याच परिच्छेदात चूक होते.

कर्जमर्यादेचा पेच याहून निराळा असून दोन्हींची गल्लत करू नये. शटडाउनमध्ये पुढील खर्चाला मंजुरी नसते. कर्जमर्यादेच्या पेचात संसदेनेच आधी मंजूर केलेल्या खर्चाची देणी चुकवण्यासाठी कर्ज काढण्याची परवानगी अडते. पहिल्याचा परिणाम कार्यालये बंद राहण्यात होतो, दुसऱ्याचा संभाव्य परिणाम देशाच्या दिवाळखोरीत. २०१३ मध्ये हे दोन्ही पेच एकाच पंधरवड्यात आले होते, त्यामुळे गोंधळ अधिक झाला.

दुसरी पायरी : अट कोणाची आणि ती कशाला जोडली, हे शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत हीच गाळली जाते. त्यासाठी कागदावर दोन स्तंभ करावेत. प्रत्येक पक्षापुढे हे प्रश्न लिहावेत : विधेयक कोणतीही जोड न देता संमत झाले तर या पक्षाला काय मिळते? काय गमवावे लागते? विधेयक अडवून धरण्याच्या बदल्यात हा पक्ष जे मागतो आहे, त्याचा निधीशी थेट संबंध आहे की ती वेगळीच धोरणात्मक मागणी आहे? ती मागणी नेहमीच्या कायदेमंडळी मार्गाने संमत होण्याइतकी मते त्याच्याकडे आहेत का?

२०१३ साठी हा तक्ता भरू. रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाची मागणी अशी होती, की २०१० चा आरोग्य विमा कायदा निधीविना ठेवावा; पुढे ती एक वर्षाच्या लांबणीवर आली. तो कायदा २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या सहीने झाला होता, जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा गाभा वैध ठरवला होता आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ओबामा पुन्हा निवडून आले होते. तो रद्द करण्याइतकी मते सिनेटमध्ये नव्हती. डेमोक्रॅटिक बाजूची मागणी जोड नसलेले निधी विधेयक एवढीच होती.

तक्त्यातील एक रकाना अनेक बातम्यांतून सुटला होता. त्या जोडविरहित विधेयकात वार्षिक खर्चाची पातळी सुमारे ९८६ अब्ज डॉलर होती. ही आपोआप लागू झालेल्या खर्चकपातीनंतरची, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला हवी असलेल्या पातळीजवळची रक्कम होती. सिनेटमधील डेमोक्रॅट्सच्या अर्थसंकल्पात हाच आकडा १,०५८ अब्ज होता. ‘डेमोक्रॅट्सनी काहीच सोडले नाही’ हे विधान म्हणूनच तपासाशिवाय छापण्याजोगे नव्हते. पैशाच्या मुद्द्यावर त्यांनी आधीच माघार घेतलेली होती आणि भांडण पैशाखेरीज दुसऱ्याच गोष्टीवर चालले होते.

याच टप्प्यावर दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणेही लिहून ठेवावे. खर्चाची तिजोरी राज्यघटनेने संसदेच्या हाती दिली आहे, प्रतिनिधिगृहही निवडून आलेले आहे आणि निधी विधेयकाला धोरणात्मक अट जोडण्याची प्रथा जुनी आहे. हे म्हणणे खरे आहे. १९८० च्या दशकात रेगन अध्यक्ष असताना डेमोक्रॅटिक संसदेनेही असे केले होते. डिसेंबर १९८७ मधील अल्पशा शटडाउनमागे निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांच्या मदतीचा वाद होता आणि त्यासोबत, गंमत म्हणजे, प्रसारमाध्यमांना वादग्रस्त विषयांच्या विविध बाजू दाखवायला लावणारा व त्याच वर्षी रद्द झालेला ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नियम परत आणण्याची मागणीही होती. त्यामुळे ‘असे कधीच घडले नव्हते’ हे वाक्य लिहू नये. ‘संमत झालेला आणि न्यायालयात टिकलेला प्रमुख कायदा थोपवण्यासाठी निधी रोखला गेला’ हे लिहावे, कारण ते तपासता येते.

तिसरी पायरी : तारखा आणि मते एका खाली एक मांडा

नेत्यांच्या वक्तव्यांआधी मतदानाची नोंद काढावी. प्रतिनिधिगृहाच्या आणि सिनेटच्या अधिकृत संकेतस्थळांवर प्रत्येक नोंदीव मतदान सदस्यांच्या नावांसह मिळते. त्याला लागणारा वेळ प्रतिक्रिया गोळा करण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, हे डेस्कवरच्या माणसांना पटवून द्यावे लागते.

२०१३ ची नोंद अशी दिसते. २० सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने आरोग्य कायद्याचा निधी काढून टाकणारे विधेयक २३० विरुद्ध १८९ मतांनी संमत केले. २४ सप्टेंबरच्या दुपारपासून सिनेटर टेड क्रूझ यांनी त्या मागणीसाठी २१ तासांहून अधिक काळ भाषण केले. २७ सप्टेंबरला सिनेटने ती तरतूद वगळून विधेयक ५४ विरुद्ध ४४ मतांनी परत पाठवले. २९ तारखेच्या पहाटे प्रतिनिधिगृहाने कायदा एक वर्ष लांबवण्याची अट जोडली. ३० तारखेला सिनेटने ती ५४ विरुद्ध ४६ मतांनी बाजूला सारली. त्याच रात्री प्रतिनिधिगृहाने विम्याची वैयक्तिक सक्ती एक वर्ष लांबवण्याची आणि संसद सदस्यांच्या विमा हप्त्यातील सरकारी वाटा काढण्याची अट घातली. सिनेटने तीही फेटाळली. मध्यरात्री मुदत संपली.

ही यादी नुसती वाचली तरी दोन गोष्टी कळतात. प्रतिनिधिगृहाच्या अटी क्रमाने सौम्य होत गेल्या, आणि हे त्या बाजूच्या बाजूने नोंदवायला हवे. सिनेट मात्र प्रत्येक वेळी एकच विधेयक परत पाठवत होते, कारण त्याची स्वतःची वेगळी मागणीच नव्हती. ‘दोन्ही बाजू आपापल्या मागण्यांवर ठाम’ हे वाक्य या यादीशेजारी ठेवले की टिकत नाही.

कार्यपद्धतीतले बदलही याच यादीत टाकावेत; ते रुक्ष असतात म्हणून बातमीत येत नाहीत. एरवी दोन सभागृहांत असा मतभेद झाल्यावर प्रतिनिधिगृहाचा कोणताही सदस्य सिनेटचे विधेयक जसेच्या तसे मतास टाकण्याचा प्रस्ताव आणू शकतो. १ ऑक्टोबर उजाडण्याच्या सुमारास संमत झालेल्या एका ठरावाने हा अधिकार केवळ बहुमत नेते एरिक कँटर किंवा त्यांनी नेमलेल्या सदस्यापुरता ठेवला. पीटर किंग, चार्ली डेंट यांसारखे काही रिपब्लिकन सदस्य जोडविरहित विधेयकाला उघड पाठिंबा देत होते, तेव्हा ‘मते नाहीत’ की ‘मतदान होऊ दिले जात नाही’ हा फरक बातमीचा गाभा ठरत होता.

चौथी पायरी : प्रत्येक क्रियापदाला कर्ता द्या

खोट्या समतोलाचे निम्मे काम करणाऱ्याचे नाव गाळणारी वाक्यरचना करते. ‘चर्चा फिसकटली’, ‘तोडगा निघू शकला नाही’, ‘विधेयक रखडले’, ‘संसदेला अपयश आले’ अशी वाक्ये मराठीत इतकी सहज येतात, की त्यांत कोणी काय केले हे गळून पडल्याचे लक्षातही येत नाही. कॉपी तपासताना अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढून ‘कोणी?’ असे विचारावे. ‘अमेरिकी संसदेने’ असे लिहिण्याजागी प्रतिनिधिगृह की सिनेट, आणि तिथे बहुमत कोणाचे, हे लिहावे.

पक्षाचे नावही पुष्कळदा फार ढोबळ ठरते. १६ ऑक्टोबर २०१३ च्या अंतिम मतदानात प्रतिनिधिगृहातील सर्व १९८ उपस्थित डेमोक्रॅट आणि ८७ रिपब्लिकन बाजूने, तर १४४ रिपब्लिकन विरोधात होते. सिनेटमध्ये तेच विधेयक ८१ विरुद्ध १८ मतांनी संमत झाले. म्हणजे अडवणूक ‘रिपब्लिकन पक्षाने’ केली हे विधानसुद्धा अपुरे आहे. त्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील एका गटाने आग्रह धरला, सभापती जॉन बेनर यांच्या नेतृत्वाने तो पुढे नेला आणि सिनेटमधील बहुतेक रिपब्लिकनांनी अखेरीस त्याला साथ दिली नाही.

सिनेटच्या साठ मतांच्या अटीबाबत हीच दक्षता हवी. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमी-तपासणीची दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ मतांनी ‘फेटाळली गेली’. ५४ मते बाजूची होती. चर्चा मिटवण्यासाठी ६० मते लागतात हे न सांगता ‘सिनेटने फेटाळली’ असे लिहिले, तर बहुमत विरोधात होते असाच अर्थ वाचक काढणार.

पाचवी पायरी : दोन्ही दावे शेजारी ठेवण्याआधी तपासा

‘ओबामा वाटाघाटीला तयार नाहीत’ हा रिपब्लिकन नेत्यांचा दावा होता. तो खरा होता. सरकार सुरू झाल्याखेरीज आणि कर्जमर्यादा वाढल्याखेरीज आपण वाटाघाटी करणार नाही, असे ओबामा स्वतःच सांगत होते. हे लपवू नये. त्याला फक्त विषय जोडावा : वाटाघाटी कशावर नाकारल्या? संमत कायदा मागे घेण्याच्या किमतीवर.

याहून बोधप्रद उदाहरण संयुक्त समितीचे आहे. शटडाउनच्या रात्री प्रतिनिधिगृहाने दोन्ही सभागृहांतील मतभेद मिटवणारी संयुक्त समिती बोलावण्याचा ठराव केला आणि सिनेटमधील बहुमत नेते हॅरी रीड यांनी त्यास नकार दिला. ‘आम्ही बोलायला बसलो आहोत, समोरच्या खुर्च्या रिकाम्या आहेत’ असे चित्र मग माध्यमांना पुरवले गेले. बातमीसाठी ते सोयीचे होते. पण सिनेटने आपला अर्थसंकल्प २३ मार्च २०१३ रोजी संमत केला होता, त्यानंतर डेमोक्रॅट्सनी संयुक्त समितीची मागणी अनेकदा केली आणि क्रूझ, माइक ली, रँड पॉल, मार्को रुबियो आदी रिपब्लिकन सिनेटरांनी ती प्रत्येक वेळी अडवली होती. दोन्ही तथ्ये खरी आहेत. फक्त शेवटच्या रात्रीचे दिले तर वाचक एका दिशेला जातो; केवळ मार्चनंतरचे दिले तर दुसऱ्या. दोन्ही द्यावीत, तारखांसह.

प्रतिनिधिगृहाने पुढे राष्ट्रीय उद्याने, माजी सैनिक, वैद्यकीय संशोधन यांसाठी सुटी-सुटी निधी विधेयके संमत केली आणि ‘सिनेटच ती अडवते’ असे म्हटले. हेही खरेच. सिनेटचे उत्तर असे होते, की लोकांना आवडणारी खाती तेवढी उघडली तर बाकीची ओलीस राहतात. असा प्रतिवाद तथ्याच्या वादात मोडत नाही, तो डावपेचांचा वाद आहे. तिथे दोन्ही अवतरणे समोरासमोर ठेवणे अगदी योग्य.

आणि जनमत चाचण्यांविषयी : ‘लोक दोघांनाही दोष देतात’ हे दोष दोघांचा असल्याचा पुरावा म्हणून वापरू नये. ते मत लोकांनी आपण लिहिलेल्या बातम्या वाचूनच बनवलेले असते.

सहावी पायरी : मथळा आणि इंट्रो शेवटी लिहा, पण सर्वाधिक वेळ त्यांनाच द्या

नमुन्यादाखल रचलेला एक इंट्रो, म्हणजे बातमीचा सुरुवातीचा मजकूर, पाहा : ‘आरोग्य विमा कायद्यावरून डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांत एकमत न झाल्याने अमेरिकेतील सरकारी कामकाज मंगळवारी ठप्प झाले. दोन्ही पक्षांनी या परिस्थितीला एकमेकांना जबाबदार धरले आहे.’

आता तोच मजकूर आधीच्या पायऱ्यांतून काढून : ‘आरोग्य विमा कायद्यातील विमासक्ती एक वर्ष लांबवण्याची अट निधी विधेयकातून वगळण्यास रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने नकार दिला आणि डेमोक्रॅटिक बहुमताच्या सिनेटने ती अट पुन्हा फेटाळली. त्यामुळे मुदत संपताच अमेरिकेतील सरकारी कामकाज मंगळवारी ठप्प झाले. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसावे लागणार आहे.’

दुसऱ्या मजकुरात शेरेवजा असे एकही विशेषण नाही, कोणाला हट्टी म्हटलेले नाही आणि अट योग्य की अयोग्य याविषयी चकार शब्द नाही. तो वीसेक शब्दांनी लांब आहे आणि दोन्ही सभागृहांनी काय केले ते सांगतो. मथळ्याला एवढी ऐसपैस जागा नसते, हे मान्य. तरी ‘कोंडी कायम’ याऐवजी ‘आरोग्य कायद्याच्या अटीवर निधी अडला’ हे जवळपास तेवढ्याच जागेत बसते. ‘रस्सीखेच’, ‘कुरघोडी’, ‘आरोप-प्रत्यारोप’, ‘कलगीतुरा’ हे शब्द मथळ्यातून काढून टाकावेत. ते भांडणाचा सूर सांगतात, विषय सांगत नाहीत. सूर किती मोहक ठरतो याचे उदाहरण नोव्हेंबर १९९५ च्या शटडाउनमध्ये मिळाले. अध्यक्षीय विमानात आपल्याला मागे बसवले, मागच्या दाराने उतरवले, अशी तक्रार रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांनी पत्रकारांपुढे केली. त्यानंतर ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ने त्यांचे लंगोटातल्या रडक्या बाळाचे चित्र पहिल्या पानावर छापले आणि वृद्धांच्या मेडिकेअर योजनेच्या हप्त्यांवरचा मूळ वाद पुष्कळ वाचकांच्या नजरेआड झाला. ते चित्र मजेदार होते, यात शंका नाही. पण गिंग्रिच यांच्यावर तो अन्यायच होता आणि तत्कालीन डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या बाजूने झुकलेला असमतोल त्यातून आला.

सातवी पायरी : पक्षांची नावे बदलून तीच कसोटी लावा

आपण एका पक्षाविरुद्ध झुकलो आहोत का, हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे उलट दिशेचे उदाहरण. जानेवारी २०१८ मध्ये अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे होती. प्रतिनिधिगृहाने १८ जानेवारीला तात्पुरते निधी विधेयक २३० विरुद्ध १९७ मतांनी संमत केले. त्यात बालकांच्या आरोग्य विम्याची सहा वर्षांची मुदतवाढही होती. सिनेटमध्ये ६० मते हवी असताना ५० विरुद्ध ४९ अशी मते पडली. बालपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या स्थलांतरितांना संरक्षण देणारा कायदा हवा, ही डेमोक्रॅट्सची अट होती. दुसऱ्या पायरीचा तक्ता भरला की उत्तर स्पष्ट येते : निधीला असंबंधित अट या वेळी डेमोक्रॅट्सनी जोडली. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांना असलेले संरक्षण काढून घेण्याचे ट्रम्प प्रशासनाने जाहीर केले होते, ही पार्श्वभूमी द्यावीच. चार-पाच रिपब्लिकनांचीही विरोधात मते होती, हेही द्यावे. पण ‘सत्ता तुमचीच, मग दोषही तुमचाच’ हा डेमोक्रॅट्सचा युक्तिवाद साठ मतांचा नियम सांगितल्याशिवाय छापू नये. तीन दिवसांत ते शटडाउन संपले.

त्याच वर्षीच्या अखेरीस उत्तर पुन्हा फिरले. १९ डिसेंबर २०१८ रोजी रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने जोडविरहित विधेयक आवाजी मतदानाने संमत केले होते. त्यानंतर अध्यक्ष ट्रम्प यांनी सीमेवरील भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलरचा आग्रह धरला. शटडाउन ३५ दिवस चालले. ११ डिसेंबरला अध्यक्षीय कार्यालयात कॅमेऱ्यांसमोर, सीमा सुरक्षेसाठी सरकार बंद करण्याचा आपल्याला अभिमान वाटेल आणि त्याची जबाबदारी आपण घेऊ, असे त्यांनी सांगितले होते. संबंधित व्यक्तीच जबाबदारी घेत असताना ‘दोन्ही बाजूंचे एकमेकांवर आरोप’ असे लिहिणे म्हणजे त्या व्यक्तीचे ऐकूनच न घेणे.

१ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेल्या ४३ दिवसांच्या शटडाउनमध्ये पुन्हा सिनेटमधील डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृहाने संमत केलेले जोडविरहित विधेयक रोखले. आरोग्य विम्याच्या वाढीव सवलती वर्षअखेरीनंतर चालू ठेवाव्यात, ही त्यांची अट होती. मंजूर निधीही अध्यक्ष अडवून ठेवतात, मग करार कोणाशी करायचा, हा त्यांचा प्रतिप्रश्न वजनदार होता आणि त्याला जागा मिळायलाच हवी होती. मात्र २०१३ ला ‘अट रिपब्लिकनांची’ असे लिहिणाऱ्याने २०२५ ला ‘अट डेमोक्रॅट्सची’ असे लिहायला कचरू नये. कचरला, तर २०१३ ची त्याची बातमीही संशयास्पद ठरते.

आठवी पायरी : खरा समतोल जिथे लागतो तिथे तो राखा

अट कोणी घातली, हे तथ्य आहे. अट घालणे योग्य होते का, हे मत आहे. पहिल्यावर समतोल मागू नये, दुसऱ्यावर तो मोडू नये. आरोग्य कायदा चांगला की वाईट, सीमेवर भिंत हवी की नको, खर्च कपातीने अर्थव्यवस्था सुधारते की खालावते, यांवर जाणकारांत आणि मतदारांत प्रामाणिक मतभेद आहेत आणि तिथे दोन्ही बाजूंना त्यांच्या सर्वोत्तम युक्तिवादानिशी जागा मिळायला हवी.

काही पेच मुळातच दुहेरी असतात. १९९५ मध्ये वाद सात वर्षांत अर्थसंकल्प समतोल करण्याचा, मेडिकेअरचा आणि करांचा होता. म्हणजे भांडण थेट खर्चाविषयीच होते. संसदेने निधी विधेयकाला अटी जोडल्या आणि क्लिंटन यांनी १३ नोव्हेंबरला नकाराधिकार वापरला. तिथे ‘दोन अर्थसंकल्पांची टक्कर’ हे वर्णन बऱ्यापैकी न्याय्य होते. २०११ च्या कर्जमर्यादेच्या पेचातही तूट कमी करण्याची गरज दोघेही मान्य करत होते. रिपब्लिकनांना केवळ कपात हवी होती, ओबामांना कपातीसोबत महसूलवाढ. पण ती चर्चा दिवाळखोरीची तारीख टांगती ठेवून करावी की नाही, हा प्रश्न वेगळा ठेवून लिहायला हवा होता. ५ ऑगस्ट २०११ रोजी स्टँडर्ड अँड पूअर्सने अमेरिकेचे पतमानांकन एका पायरीने उतरवले आणि सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने नंतर त्या वर्षीच्या कर्जखर्चात विलंबामुळे सुमारे १.३ अब्ज डॉलरची भर पडल्याचा अंदाज दिला. याच संदर्भात ओबामांनी सिनेटर असताना मार्च २००६ मध्ये कर्जमर्यादा वाढवण्याविरुद्ध मत दिले होते, हेही नोंदवावे. ते विधेयक ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाले आणि त्याच्या बदल्यात कोणती अट लादली गेली नाही, हा फरक त्याच वाक्यात यावा.

नववी पायरी : परिणाम नेमके लिहा आणि शेवटचा हिशेब चुकवू नका

‘नागरिकांचे हाल’ यापेक्षा कोणते खाते बंद आहे ते लिहावे. मराठी वाचकासाठी हे केवळ परदेशी कुतूहल उरत नाही. एच-१बी व्हिसाच्या अर्जाआधी अमेरिकेच्या कामगार खात्याची मंजुरी लागते. २०१३ मध्ये ती देणारे कार्यालय बंद पडल्याने पुण्यातून न्यू जर्सीला जाऊ पाहणाऱ्या अभियंत्याचा अर्ज तिथेच अडत होता. २०१८-१९ च्या शटडाउनमध्ये मात्र कामगार खात्याचा निधी आधीच मंजूर असल्याने ते काम चालू राहिले. दर वेळी कोणती विधेयके संमत आहेत हे पाहिल्याखेरीज जुनी चौकट उचलून छापू नये.

शटडाउन संपले की ‘कोण जिंकले’ या बातमीकडे सगळे धावतात. तिच्याऐवजी, किंवा जागा असेल तर तिच्यासोबत, मूळ अट आणि हाती आलेले फळ यांचा तक्ता द्यावा. १७ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे ओबामांनी सही केलेल्या कायद्यात १५ जानेवारी २०१४ पर्यंतचा निधी आणि ७ फेब्रुवारीपर्यंत कर्जमर्यादेची सवलत होती. आरोग्य कायद्याबाबत त्यात एवढेच होते, की विम्याची सवलत घेणाऱ्यांच्या उत्पन्नाची पडताळणी व्हावी. पहिल्या दिवशीच्या बातमीत अट नेमकी लिहिलेली असेल, तरच सोळाव्या दिवशी हा तक्ता भरता येतो. ‘एकमत झाले नाही’ एवढेच लिहिलेल्या डेस्ककडे तेव्हा ‘अखेर एकमत झाले’ याखेरीज लिहायला काही उरत नाही, आणि १५ जानेवारीची नवी मुदत उजाडते तेव्हा त्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.